समुद्रावरून परत फिरलेला बॉल

मी लाल गाडीवर कंडक्टर आहे. माणसानं तोंड उघडलं की तो थाप मारतोय असं आधी धरायचं आणि मग पुरावा मागायचा, ही सवय मला या नोकरीनं लावली. मिसरूड फुटलेल्या पोराला मांडीवर घेऊन "पाचवीला हाय की हो बाई" म्हणणाऱ्या आया मी रोज बघते. पोराचे पाय पुढच्या सीटखालून पार ड्रायव्हरकडं गेलेले असतात. एकदा एका गड्याच्या पिशवीत कोंबडी होती, सगळ्या गाडीला ऐकू येत होती, आणि तो शपथेवर सांगत होता की औषध आहे. औषध येडशीपर्यंत ओरडत होतं.

अशा बाईच्या नशिबी सासरा कसला यावा, तर मामा. आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. मामा मेंढरांमागं वाढले, तरुणपणी फौजेत गेले, हवालदार होऊन परत आले आणि पुन्हा मेंढरं घेऊन माळावर फिरायला लागले. गाव त्यांना फौजी म्हणतं. माणूस निर्व्यसनी, कष्टाळू, सुनेला कधी वाकडा शब्द बोलला नाही. फक्त त्यांच्याकडं एक गोष्ट होती आणि ती ते भेटेल त्याला सांगायचे.

गोष्ट अशी. फौजेत असताना त्यांची बदली लांब दक्षिणेकडं समुद्राकाठी झाली. तिथं साहेबलोकांचं गोल्फचं मैदान होतं. एका अंगाला गवत आणि दुसऱ्या अंगाला थेट पाणी. साहेबांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन मागं चालायचं, हे मामांचं काम. एक दिवस वारा असा सुटला की साहेबांची टोपी समुद्रात गेली. साहेब वैतागून म्हणाले, "ले, अब तू मार." मामांनी मारला. बॉल गेला तो समुद्रावर. साहेब हसले. तेवढ्यात वारा फिरला, बॉल लाटांवरून मागं आला, मैदानावर टेकला, एक टप्पा घेतला आणि झेंड्याखालच्या खड्ड्यात गेला. एका फटक्यात! साहेबांनी मामांना सलाम ठोकला.

सलामाचा भाग नंतर आला. माझं लग्न झालं त्या वर्षी साहेब नुसते "शाबास" म्हणायचे. माझी मुलगी शाळेत जायला लागली तोवर साहेबांच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. मी वाढता वाढता विचारायची, "मामा, साक्षीदार कोण?"

"साहेब."

"साहेब कुठंयत?"

"वारले."

"मग?"

"मग काय मग? कालवण वाढ."

पण या गोष्टीला माझ्याहून कडक तपासनीस आधीपासून होती. मामांची थोरली बहीण. आत्याबाई तरुणपणीच विधवा झाल्या, लेकराला काखेत घेऊन माहेरी आल्या आणि आमच्या भिंतीला भिंत लावून राहिल्या. बहीणभाऊ रोज सकाळी ओट्यावर एकत्र चहा प्यायचे आणि एकत्र भांडायचे. समुद्राची गोष्ट निघाली की आत्याबाई बशी खाली ठेवायच्या.

"म्हंजी बॉलाला घरची वढ लागली आन् त्यो माघारी आला! आरं खोटारड्या, चुकलेलं मेंढरू माघारी येत न्हाय, बॉल येतूय व्हय?"

"आक्का, तुला समुद्राच्या वाऱ्याचं काय कळतंय?"

"वाऱ्याचं न्हाय कळत. पर तुझ्यासंगं जन्म काढलाय, थापंचं कळतंय."

मग मामा फुरंगटून मेंढरांकडं जायचे आणि आत्याबाई त्यांच्या बशीतला उरलेला चहा पिऊन टाकायच्या.

अलीकडं आत्याबाईंच्या मुलानं नळदुर्गला हायवेवर ढाबा टाकला. ढाबा चालला, मागं दोन खोल्या बांधल्या आणि तो आईला म्हणाला, आता चल. आषाढ संपला की जायचं ठरलं. घरातले सगळे "बरं झालं, म्हातारपणी लेकाजवळ" असं म्हणाले. मामा उठून मेंढरांकडं गेले. दुसऱ्या दिवशी चहाला आत्याबाईंनी त्यांना खोटारडा म्हटलं तरी ते भांडले नाहीत, तेव्हा मला काळजी वाटायला लागली.

त्याच संध्याकाळी मी ड्यूटीवरून आले, चपला काढते न काढते तोच मामा समोर.

"पोरी, आक्का जायच्या आदी तिला एकदा पटलं पायजे. ती मला खोटारडा समजूनच गेली तर हितं एकट्याला चहा जायचा न्हाय."

असं मनातलं सरळ बोलणारे ते नव्हेत. पाण्याचा तांब्या हातात धरून मी उभीच राहिले. मला फार वाईट वाटलं. आणि थोडा रागही आला, कारण गोष्ट खोटी होती हे मला ठाम माहीत होतं.

आता गोल्फ आमच्या गावात कुठून आला ते सांगते. आमच्या माळावर पवनचक्क्या आहेत. त्या कंपनीचा एक इंजिनीअर आमच्या माडीवर भाड्यानं राहायचा. चाळिशीकडं झुकलेला, कोकणातला, अंगानं इतका बारीक की माळावर वाऱ्यात त्याला बघून मला धास्ती वाटायची. आधीच्या नोकरीत तो समुद्रकाठच्या एका मैदानावर गोल्फ शिकला होता आणि त्याच्या काठ्यांची पिशवी खोलीच्या कोपऱ्यात उभी असायची. माझी मुलगी तिला "काकांच्या छत्र्या" म्हणायची. मामांनी एवढी वर्षं त्या पिशवीकडं बघायचं टाळलं होतं. त्या संध्याकाळी मात्र ते जिना चढून गेले.

इंजिनीअर तर हुरळूनच गेला. इतक्या वर्षांत त्याला कुणी गोल्फचं विचारलं नव्हतं. "काका, समुद्रकाठच्या मैदानाला लागतं काय? झाड नको. गवत आखूड हवं. जमीन उंचसखल हवी आणि वारा हवा. तुमच्या माळावर समुद्र सोडून सगळं आहे!"

"समुद्राचं बगू," मामा म्हणाले.

ठरलं असं की मंगळवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, माळावर खेळायचं आणि आत्याबाईंच्या देखत एका फटक्यात बॉल खड्ड्यात घालून दाखवायचा. आत्याबाईंनी निरोप ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "हितं ओट्यावर बसून थाप ऐकती ती का कमी हाय? आता बगायला माळावर येऊ? मंगळवारी माजी शेरडं हायती, देवीचा निवद हाय. मला येळ न्हाय." मामांचं तोंड एवढंसं झालं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू चल साक्षीदार म्हणून. तू कुणावरच इस्वास ठेवत न्हाईस म्हणून आक्काचा तुझ्यावर इस्वास हाय."

हे कौतुक होतं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

सोमवारी संध्याकाळी मामांनी माळावर तीन खड्डे खणले. मेंढपाळ माणूस कुरणात खड्डा ठेवत नाही, मेंढराचा पाय मोडतो. त्यामुळं खेळ झाला की लगेच बुजवायचे, अशी त्यांनी स्वतःलाच ताकीद दिली. झेंड्यांच्या काठ्या टोमॅटोच्या बागेतल्या घेतल्या. झेंड्याच्या कापडासाठी मी कपाट उघडलं. ओटीत आलेल्या खणांचा ढीग प्रत्येक बाईच्या कपाटात असतो. त्यांचे ब्लाउज कुणी शिवत नाही. एकीच्या ओटीत आलेला खण दुसरीच्या ओटीत घालायचा आणि मोकळं व्हायचं. त्या ढिगात एक हिरवा, जरीकाठाचा खण होता. तो मी स्वतः एका बारशात देऊन टाकला होता आणि चार कार्यं फिरून तो माझ्याच ओटीत परत आला होता. समुद्रावरून बॉल येत नसेल, पण हा खण आला होता. म्हटलं, आता तुझी सुटका माळावर. तिसऱ्या खड्ड्याला, उंचवट्याच्या पलीकडं, मामांनी तोच खण बांधला.

मंगळवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. नवऱ्यानं अंग काढून घेतलं, म्हणाला, सोयाबीनवर फवारणी आहे. त्या वाऱ्यात फवारणी! पण त्या दिवशी मी एकाच माणसाचा पुरावा तपासायला निघाले होते, म्हणून सोडून दिलं. आषाढातला वारा आमच्याकडं माणसाला नीट उभं राहू देत नाही. पवनचक्क्या घूं घूं करत फिरत होत्या. मी पदर कमरेला खोचला, केसांना क्लिप लावली, तरी एक कान ओढल्यासारखा दुखायला लागला.

पहिल्या खड्ड्याला इंजिनीअरनं आधी शिकवलं. त्यानं चिमूटभर गवत उपटून हवेत सोडलं, वाऱ्याची दिशा बघायला. ते मामांच्या डोळ्यात गेलं. मग त्यानं जमिनीत छोटी लाकडी खुंटी रोवून तिच्यावर बॉल ठेवला. वाऱ्यानं पडला. पुन्हा ठेवला. पुन्हा पडला. शेवटी मी दोन्ही बाजूंना माझ्या चपला आडव्या उभ्या केल्या, तेव्हा बॉल थांबला. त्यानं कंबर हलवली, मान हलवली, पुन्हा कंबर हलवली. मामा मला हळूच म्हणाले, "ह्याचं पाठीचं दुखणं लई जुनं दिसतंय." मग त्यानं टोला हाणला. बॉल सुंदर वर गेला, आभाळात थांबल्यासारखा झाला आणि मागं फिरून आमच्या पाठीमागं पडला.

"बगितलंस?" मामा ओरडले. "माघारी आला!"

"खड्ड्यात गेला का?" मी विचारलं.

"न्हाय."

"मग अर्धाच पुरावा."

मामांनी काठी विटीदांडूसारखी धरली. इंजिनीअर "अंगठा खाली, काका, अंगठा" करत होता. मामांनी अंगठ्यासकट हाणला. मातीचं एक मोठं ढेकूळ उडून लांब गेलं आणि बॉल जागेवरच राहिला. "ढेकळाला धरतेत का?" मामांनी विचारलं. धरत नाहीत, असं कळलं. पुढं त्या एका खड्ड्यापर्यंत पोचायला दोघांनी किती वेळ लावला, ते मी सांगत नाही. माझी गाडी तेवढ्यात वाशीहून येडशीला जाऊन चहा पिते.

दुसऱ्या खड्ड्याच्या वाटेत मामांची मेंढरं चरत होती. त्यांनीच तर गवत आखूड ठेवलं होतं. इंजिनीअर म्हणाला की हा खेळ मुळात मेंढरांच्या कुरणातच सुरू झाला असं म्हणतात. मामांची छाती फुगली, जणू त्यांच्याच घराण्यात सुरू झाला. त्यांनी मारलेला बॉल सरळ कळपात गेला आणि नाहीसा झाला. आम्ही शोध शोध शोधलं. शेवटी दिसलं की एका मेंढीच्या पाठीवरच्या दाट लोकरीत तो रुतून बसलाय आणि ती शांतपणे चरत चरत झेंड्याकडं निघाली आहे.

"तिला कुणी हात लावू नका!" मामा दबक्या आवाजात म्हणाले. "बरोबर जायलीय."

"काका, असं चालत नाही. नियमानं बॉल खाली घ्यावा लागतो."

"मेंढी माजी हाय का न्हाय? मग माज्याकडनंच खेळायलीय ती."

इंजिनीअर मोबाइलवर नियम शोधायला लागला. नियमात मेंढीच्या लोकरीचं काही सापडेना. आणि मेंढी खरोखर झेंड्यापाशी गेली, खड्ड्यात तोंड घालून हुंगलं आणि झेंड्याचा गुलाबी खण खायला लागली. तेव्हा मात्र माझा पारा चढला. मी गाडीतल्या आवाजात ओरडले, "चला, पुढं सरका, पुढं सरका!" सगळा कळप एकदम पुढं सरकला. माणसं एवढं ऐकत नाहीत. बॉल पडला तो खड्ड्यापासून लांब, बाभळीच्या काट्यांत.

मामा मटकन खाली बसले. टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं. वाऱ्यानं त्यांचे पांढरे केस उभे राहिले होते आणि एकदम ते फार म्हातारे दिसले. "जमायचं न्हाय गं पोरी," ते म्हणाले. "बरं झालं आक्का आली न्हाय ते." मला गलबलून आलं. मी म्हटलं, "अजून एक खड्डा आहे की मामा. उठा." का म्हटलं कोण जाणे. एवढ्या वर्षांत त्या गोष्टीच्या बाजूनं मी काढलेला तो पहिला शब्द होता.

तिसरा खड्डा उंचवट्याच्या पलीकडं. अलीकडून ना खड्डा दिसायचा ना झेंडा. इंजिनीअरनं हातानं दिशा दाखवली. वारा डावीकडून उजवीकडं चालला होता. मामांनी या वेळी कंबरही हलवली नाही आणि अंगठाही बघितला नाही. मेंढराला हुसकावताना काठी फिरवतात तशी सहज फिरवली. टक्क असा आवाज झाला. असा आवाज सकाळपासून झाला नव्हता. इंजिनीअरच्या तोंडून "आई शप्पथ" निघून गेलं.

बॉल उंच गेला, पार डावीकडं, पवनचक्कीच्या पात्यांच्या दिशेनं. मग वाऱ्यानं त्याला धरलं. तो आभाळात वळला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वळून तो उंचवट्याच्या पलीकडं उतरला आणि दिसेनासा झाला. पुढं काय झालं ते आम्हा तिघांपैकी कुणालाच दिसलं नाही.

आम्ही उंचवटा चढून वर आलो, तर पलीकडून आवाज आला.

"थांबा तिथंच! चपला काढा!"

झेंड्यापाशी आत्याबाई बसल्या होत्या. शेरडं बाजूला चरत होती. काठीला हळदीकुंकवाची बोटं लागली होती, खड्ड्याभोवती गोल दगड मांडले होते, उदबत्ती वाऱ्यात लालभडक पेटून संपत आली होती आणि पुढ्यात दहीभाताचा निवद होता. आषाढातल्या मंगळवारी वेशीबाहेरच्या लक्ष्मीआईला निवद न्यायची आमच्याकडं रीत आहे. आत्याबाई निवद घेऊन निघाल्या होत्या आणि वाटेत त्यांना मोकळ्या माळावर ताजा खड्डा, उभी काठी आणि काठीला बांधलेला हिरवा जरीकाठाचा खण दिसला. आमच्या भागातल्या कुठल्याही बाईला विचारा, याचा दुसरा काय अर्थ होतो? मला तरी तो खण काढून देताना हे सुचायला नको होतं का?

आम्ही चपला काढल्या. इंजिनीअरनं बूट काढले, मोजेही काढले.

"काय झालं आत्याबाई?" मी विचारलं.

त्यांनी खड्ड्याकडं बोट केलं. आत, मधोमध, पांढराशुभ्र बॉल. त्याला कुंकू लागलेलं होतं.

"आली," त्या म्हणाल्या. "माज्या डोळ्यांदेखत आली. आदी तिकडं पार चक्कीकडं गेली, मग फिरली, हितं टेकली, एकदा उडाली आन् आत जाऊन बसली. म्या कौल मागितला व्हता गं. म्हणलं, आई, आता म्या चालले नळदुर्गाला. भावाला जन्मभर खोटारडा म्हणलं. त्यो खरा आसंल तर मला कायतरी दाव, म्हंजी म्या मोकळ्या मनानं जाईन." त्यांनी मामांकडं बघितलं. डोळे भरले होते. "तुजी समुद्राची गोष्ट खरी हाय, फौजी. देवीनं कौल दिला. मला माफ कर."

ज्या वाक्यासाठी माणूस जन्मभर थांबला, ते असं माळावर अनवाणी उभं असताना ऐकायला मिळालं. माझ्याही डोळ्यांना पदर लागला. इतक्यात मामांना काय झालं ते पूर्ण उमगलं.

"आक्का! आगं त्यो बॉल माजा हाय! म्या मारलाय आत्ता! एका फटक्यात आत गेला? तू बगितलास?" ते नाचायलाच लागले. इंजिनीअर त्यांच्याबरोबर नाचायला लागला. "होल इन वन! काका, होल इन वन!"

आत्याबाईंचे डोळे कोरडे झाले. "तू मारलास?"

"व्हय! ह्या काठीनं! त्या अंगाहून!"

"आरं खोटारड्या!" त्या कडाडल्या. "देवी तुज्या काठीनं आली व्हय?"

"पर आत्ताच तू म्हणलीस की मी खरा हाय!"

"ते तवाचं. तवाचं खरं. देवीनं तवाचं सांगितलंय. आत्ताचं मी इचारलं न्हाय."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी पुढं झाले. "आत्याबाई, बॉल मामांनीच मारला. मी मारताना पाहिलं."

"पडताना बगितलास?"

"नाही, पण..."

"डोळ्यानं बगितल्याबिगर धरायचं न्हाय, आसं कोण म्हणतंय रोज?"

मीच म्हणते.

मग मामांनी जे केलं, ते त्यांनी का केलं हे मी अनेकदा मनाशी घोळवलंय. त्यांना गप्प राहता आलं असतं. बहिणीला पटलं होतं, तेवढंच तर हवं होतं. पण जन्मात एकदा खरंखुरं घडलेलं हातचं जातंय हे त्यांना सहन होईना. ते खाली बसले, खड्ड्याच्या पलीकडं, बहिणीच्या समोर.

"आक्का, देवीच्या म्होरं सांगतो. समुद्राचं खोटं व्हतं. साहेबानं मला मारायला दिला ते खरं. बॉल समुद्रावर गेला ते बी खरं. तिथंच बुडाला. साहेबानं लई शिव्या दिल्या. माघारी आला न्हाय, सलाम न्हाय, काय न्हाय. पर आत्ताचा हा खराय. हा एकच खराय."

वारा घोंगावत होता. शेरडानं दहीभाताला तोंड लावलं, कुणी हाकललं नाही. आत्याबाईंनी भावाकडं बराच वेळ बघितलं. मग नाक मुरडलं.

"आता देवीला बी खोटं पाडतूस व्हय? तिनं सांगितलं खरं, आन् तू म्हणतूस खोटं? तुझा भरवसा धरू का तिचा?" आणि उठता उठता त्यांनी ठरवून टाकलं, "उगा मोठेपणा नको म्हणून बोलायलाय. पाया पड."

मामा स्वतःच्या बॉलच्या पाया पडले. मी पडले. इंजिनीअर पण पडला, आणि हळूच मला म्हणाला, "ताई, तो माझा शेवटचा चांगला बॉल होता." मी म्हटलं, आता त्याला हात लावायचा नाही. तो खड्डा तेवढा मामांनी बुजवला नाही. नंतर आत्याबाईंनी त्याच्याभोवती चुना लावलेले दगड रचून घेतले, मेंढराचा पाय जाऊ नये म्हणून. लोक आता तिला वाऱ्याची लक्ष्मीआई म्हणतात. खण दर आषाढात नवा मिळतो. माझा ढीग कमी होतोय.

आषाढ संपला आणि आत्याबाई गेल्या. निघताना त्यांनी मामांना खोटारडा म्हटलं नाही. मामा गाडीला हात करत उभे राहिले, आणि मग ओट्यावर एकटेच चहा पीत बसले. चहा गेला, पण मजेत गेला असं मी म्हणणार नाही. समुद्राची गोष्ट त्यांनी सांगायची सोडून दिली. माळाची गोष्ट सांगायचे, तर लोक "बरं बरं" म्हणून हसायचे. इंजिनीअरची बदली झाली, तेव्हा तो जाताना एक काठी मामांना देऊन गेला. तिनं ते मेंढरं वळवतात.

पुढं भाद्रपदात माझी ड्यूटी नळदुर्गकडं लागली. गाडी चहाला थांबली तशी मी पलीकडं आत्याबाईंच्या ढाब्यावर गेले. आत्याबाई बाजेवर बसल्या होत्या आणि समोर चार-पाच ट्रकवाले भाकरी मोडायचं थांबून ऐकत होते.

"साहेबाची टोपी गेली समुद्रात. पार कपबश्या उडाल्या. माज्या भावानं बॉल मारला तर त्यो गेला लाटांवर. साहेब म्हणला, गेला. माजा भाऊ म्हणला, थांबा साहेब. आन् बॉल फिरला! माघारी आला, टेकला, एकदा उडाला आन् खड्ड्यात! साहेब रडाया लागला."

"तुमी तिथं व्हतात व्हय आत्या?" एकानं विचारलं.

"मग? खड्ड्याच्या कडंला बसले व्हते म्या. ह्या डोळ्यांनी बगितलंय."

आत्याबाईंनी जन्मात समुद्र पाहिलेला नाही. पुरावा माझ्या जिभेवर आला होता. तेवढ्यात त्यांनी मला बघितलं, "ही बगा आमची सून, हिला इचारा!" म्हणाल्या, आणि सगळे ट्रकवाले माझ्याकडं वळले. मी खांद्यावरची बॅग सावरली आणि म्हटलं, "व्हय, खरंय."

संध्याकाळी घरी आले. मामा जेवायला बसले होते. मी वाढता वाढता त्यांना सगळं सांगितलं. टोपीचं, कपबश्यांचं, साहेब रडल्याचं. ते मान खाली घालून ऐकत होते.

"आन् बगितलं म्हणली?" त्यांनी विचारलं.

"व्हय. बॉल खड्ड्यात जाताना. ह्या डोळ्यांनी बगितलं म्हणाल्या."

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि कालवणात बुडवला.

"तेवढं खराय," ते म्हणाले.